इकू का ठिवू?

दिवाळी आटोपून पंधरा-वीस दिवस लोटले, की एखाद्या संध्याकाळी अमरावतीच्या माझ्या बिऱ्हाडी गावाहून दादांचा फोन येतो. प्रथम घरच्या मंडळींची विचारपूस होते, मग गुराढोरांची, मग पावसाची, म्हणजे तो पडला असल्यास का पडला आणि न पडल्यास का पडला नाही याची. त्यानंतर क्षणभर कोणीच बोलत नाही. या स्तब्धतेनंतर जो प्रश्न येतो, तो गेल्या कित्येक वर्षांत शब्दानेही बदललेला नाही. "मंग बापू, इकू का ठिवू?"

विकायचा की ठेवायचा तो अर्थात् कापूस. मूर्तिजापूर तालुक्यातील आमच्या गावी दादांची सहा एकर पऱ्हाटी असते; उरलेल्या रानात सोयाबीन आणि तूर. शेतीतले मला काय कळते, हे दादांइतके कोणालाच ठाऊक नाही. लहानपणी मी एकदा डवऱ्याने तणाबरोबर दोन ओळी पऱ्हाटीही साफ केली होती, आणि त्याच दिवशी वडिलांनी मला शिकवावयाचे नक्की केले, असे दादा अजून पाहुण्यांना सांगतात. तरीही हा प्रश्न मलाच का? दादांचे तर्कशास्त्र सरळ आहे. कापसाचा भाव न्यूयॉर्कला ठरतो. न्यूयॉर्कचा कारभार इंग्रजीत चालतो. आणि बापू इंग्रजीचा प्रोफेसर आहे. अनुमानाच्या शास्त्रात यातील दोष दाखविणे सोपे आहे, पण तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवूनही हा दोष मला दादांना समजावून देता आलेला नाही. खरे सांगावयाचे तर, तो तसा समजावून देण्याची उत्सुकताही मला पूर्वी फारशी नव्हती. आपला सल्ला कोणाला तरी हवा आहे, ही भावना प्राध्यापकाला किती सुखावते, हे त्या धंद्यात असलेल्यांनाच कळेल.

वस्तुत: वऱ्हाडातल्या माणसाने परदेशच्या बाजाराची चौकशी करावी यात नवल ते काय? आमच्या अमरावतीचे नाव एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात रोज उच्चारले जाई; मात्र ते अमरावती म्हणून नव्हे. साहेबाने आमच्या उमरावतीचे 'ऊमरावट्टी' केले आणि घाईच्या व्यापारात त्याचे शेपूट गळून नुसते 'ऊमरा' राहिले. वऱ्हाड-खानदेशाचा आखूड धाग्याचा कापूस तो ऊमरा. पुढे मुंबईच्या वायदेबाजारातही भडोच, बंगाल आणि ऊमरा अशी कराराची नावे चालत. ज्यांनी अंबादेवीचे देऊळ स्वप्नातही पाहिले नाही, अशा कित्येक परक्या माणसांनी आमच्या गावाच्या नावावर पैसे मिळविले व घालविले. आता न्याय म्हणा की योगायोग म्हणा, तो मान अकोल्याकडे गेला आहे. सरकीच्या ढेपेचा जो वायदा आज संगणकावर चालतो त्याचे मूळ केंद्र अकोला. गावाचे नाव आखूड करून कराराच्या खुणेच्या शेपटाला जोडलेले आहे. अकोलेकर मित्र हे मला अधूनमधून ऐकवितात.

आमचा प्रांत जगाच्या पैशाच्या व्यवहारात शिरला तोच मुळी गहाणवट म्हणून. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे इंग्रजांचे कर्ज तुंबले आणि १८५३ साली त्यापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली झाले. १९०२ साली कर्झनने तेच वर्षाकाठी पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्यावर घेतले. ज्या भूमीचे सातबारे आपण इतक्या अभिमानाने जपतो, ती अवघी भूमीच एका परक्या हिशेबातील तारण होती, हे ध्यानात आले की सोसायटीच्या नोटिशीचे भय थोडे कमी वाटते. दादांना मी हे एकदा सांगितले. ते म्हणाले, "मंग निजामानं कर्ज फेडलं का माफ झालं?"

कापसाचे खरे वेड लागले ते १८६१ नंतर. अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचे युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा घास तुटला. त्यापूर्वी लिव्हरपुलात अमेरिकन कापूस सात-आठ पेन्स पौंडाने मिळे. १८६४ साली तो तीस पेन्सांच्या घरात गेला. तेव्हा जो तो हिंदुस्थानकडे, आणि हिंदुस्थानात वऱ्हाडकडे, पाहू लागला. कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमले गेले, नागपूरची आगगाडी १८६७ साली पोचली, खामगावचा फाटा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी येऊन उघडला. एका तालुक्याच्या गावी, आठेक मैलांच्या फाट्यासाठी, व्हाइसरॉय! रॅली हे ग्रीक, फोल्कार्ट हे स्विस, पुढे जपानी कंपन्याही, अशी सारी पृथ्वी वऱ्हाडच्या कापूसपेठांत तळ देऊन बसली. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण लोकांच्या तोंडी होती. कुऱ्हाड सोन्याची असली तरी ती कुऱ्हाडच असते, हा विचार म्हण करणाऱ्याच्या मनात होता की काय, कोण जाणे.

कारण १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. मुंबईत तोवर पाच हजारांच्या बॅकबेच्या शेअराला पन्नास हजारांवर भाव आला होता. युद्ध संपल्याची वार्ता आली आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा हिशेब चुकता करावयाची वेळ येताच एकामागून एक पेढ्या कोसळल्या. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून सावरली नाही. मुंबईच्या या कहाण्या सर्वांना ठाऊक आहेत, त्यात प्रेमचंद रायचंद आहेत, राजाबाई टॉवर आहे. परंतु ज्याने ज्वारीचे रान मोडून कापूस पेरला, त्या आमच्या कुणब्याची कहाणी कोणी लिहिली? त्याला टॉवर नव्हता.

आमच्या घरापुरती ती मला थोडीफार सांगता येते, पण ती पुढच्या मंदीची आहे. आमच्या आजोबांची अकरा एकर जमीन १९२९ नंतरच्या मंदीत सावकाराकडे गेली. आजी त्या सालाला 'बांड्या बैलाचे साल' म्हणे. त्या वर्षी आजोबांनी बाजारातून एक बांडा बैल आणला. तो दारात आला आणि कापूस मातीमोल झाला, असे तिचे ठाम मत होते. पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी वॉल स्ट्रीटची हकीगत वाचली. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरांचा बाजार कोसळला, बँका बुडाल्या, मागणी आटली, कच्च्या मालाचे भाव जगभर ढासळले. सुट्टीत घरी गेल्यावर मोठ्या आवेशाने मी आजीला हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "तो बैल कोनं पाह्यला होता, तू का म्या?" पुष्कळ वर्षे ही गोष्ट मी हास्यास्पद म्हणून वर्गात सांगत असे. अलीकडे सांगत नाही. आजीच्या बैलाला निदान पाहता येत होते.

माझे स्वत:चे लहानपण गेले ते एकाधिकार खरेदीच्या काळात. १९७२ साली महाराष्ट्र सरकारने ही योजना काढली आणि व्यापाऱ्याला बाजूस सारून सर्व कापूस आपण घ्यावयाचे ठरविले. जगाच्या चढउतारापासून शेतकऱ्याला वाचवावे हा हेतू उदात्त होता, याविषयी मला शंका नाही. पण अकोल्याच्या जिनिंगबाहेर लागलेली बैलगाड्यांची रांगही मला विसरता येत नाही. तीन-तीन, चार-चार रात्री वडील गाडीखाली निजत. मी आणि दादा एस. टी.ने भाकरी घेऊन जात असू. ग्रेडर नावाचा माणूस बोंडातला मूठभर कापूस ओढून पाही आणि एक शब्द उच्चारी, आणि त्या एका शब्दावर आमचे वर्ष ठरे. त्यानंतर चुकाऱ्यांची वाट पाहणे. पहिला चुकारा, दुसरा चुकारा, अंतिम भाव. आमच्या घरातील लग्ने, कपडे आणि माझी कॉलेजची फी ही सारी 'चुकारा आल्यावर' या एका क्रियाविशेषणात बसत. नव्या शतकाच्या आरंभी ती योजना तोट्याच्या भाराने मोडली आणि जगाचा बाजार आमच्या दारात उघडा उभा राहिला. यापूर्वी न्यूयॉर्कचा कापूसभाव मुंबईपर्यंत तारेने येई व त्यावर आकडा लावणारे आकडा लावीत. मटक्यातील 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्याच कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांचे, असे सांगतात. आता तो भाव मोबाइलवर, दादांच्या धोतराच्या सोग्यात आला. मात्र इंग्रजीत.

येथे माझा प्रवेश होतो. मी हळूहळू गणित शिकलो. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंटांत. त्यास डॉलरच्या दराने गुणावयाचे. ३५६ किलोंची एक खंडी, म्हणजे ७८५ पौंड रुई. क्विंटलभर कापसातून निघणार चौतीस-पस्तीस किलो रुई, बाकी सरकी. सरकीचा भाव पुन्हा तेलावर आणि ढेपेवर, आणि तेलाचा भाव मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलावर. रुपया घसरला की शहरात आम्ही हळहळतो, मुलाच्या परदेशच्या फीचे आकडे मांडतो. दादांच्या कापसाला मात्र तीच घसरण पथ्यावर पडते. एकाच घरातील दोन भाऊ एकाच वर्तमानपत्रातील एकाच बातमीने एक दु:खी, एक सुखी! हे सारे कळू लागले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. मिल्टनच्या एखाद्या लांबलचक वाक्याचा कर्ता सापडावा तसा.

आणि प्रारंभी यशही आले. २०२१-२२ च्या हंगामात मी म्हटले, "ठेवा, दादा." भाव दहा हजारांवर गेला, काही बाजारांत बारा हजारांपर्यंत पोचला. दादांनी एप्रिलमध्ये अकरा हजार चारशेने कापूस दिला, विहिरीवर नवी मोटर बसविली, घराचे टिनाचे छत काढून स्लॅब टाकला. गावी गेलो तेव्हा पारावरची मंडळी उठून उभी राहिली. "काय सर, औंदा न्यूयार्क काय म्हंते?" एका गृहस्थांनी तर मला तुरीचाही भाव विचारला. मी तुरीविषयी काही जाणत नाही, असे मी सांगितले. पण ज्या स्वरात सांगितले, त्यावरून ऐकणाऱ्यांचा समज उलटच झाला असावा.

पुढच्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, व्यापारी दादांच्या दारी येऊन नऊ हजार देऊ म्हणाला. पस्तीस क्विंटल कापूस माजघरात लागलेला होता. फोन आला. "इकू का ठिवू?" मी चष्मा लावून बसलो. न्यूयॉर्कचा भाव मे महिन्यात दीडशे सेंटांच्या वर होता, ऑक्टोबरअखेर तो ऐंशीच्या खाली उतरला होता. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्चपासून व्याजाचे दर चढविले होते. तिकडची माणसे कपडे कमी घेत होती. हे सर्व मी वाचले होते. पण मी असेही वाचले होते की, चीनने महामारीचे निर्बंध उठविले, आता तेथील गिरण्या माल मागतील. आपल्याकडे अतिवृष्टीने पीक कमी आहे. आणि गतसाली जानेवारीनंतरच भाव चढला होता. या तिसऱ्या कारणाला कारण म्हणता येत नाही, ती केवळ आठवण होती. मी म्हटले, "ठेवा."

मला जे दिसले नाही ते इतके साधे होते, की आता लिहिताना संकोच वाटतो. मीच एकटा गतसालची आठवण घेऊन बसलो नव्हतो. अख्खा वऱ्हाड बसला होता. घराघरांत कापूस थप्पीला लागला होता, आणि जो माल हिवाळ्यात आला नाही तो उन्हाळ्यात येणारच होता. शिवाय आपला भाव जगाच्या भावाहून चढा राहिल्याने निर्यात आटली होती. नेमक्या त्याच हिवाळ्यात मुंबईच्या वायदेबाजारात कापसाचे नवे करार थांबलेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते अठ्ठेचाळीस खंड्यांच्या एककाने. अठ्ठेचाळीस खंड्या रुई म्हणजे सुमारे पाचशे क्विंटल कापूस. दादांचा माल त्याच्या चौदाव्या हिश्श्याइतका. म्हणजे भाव पडण्याविरुद्ध विमा उतरविण्याची जी सोय पुस्तकात मी वाचून ठेवली होती, तिच्या दारातून दादांची बैलगाडी आत जाणे शक्यच नव्हते.

जानेवारीत आठ हजार झाले. मी म्हटले, थांबा. मार्च उजाडला. एकतीस मार्चच्या आत सोसायटीचे पीककर्ज भरले तर व्याज माफ होते, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने राज्य सरकारची ती सवलत आहे. दादांनी आयुष्यात ती तारीख कधी चुकविली नव्हती. त्या वर्षी चुकली. मला त्यांनी ते कळविले नाही. वहिनींकडून पुढे कळले. एप्रिलमध्ये मी गावी गेलो तेव्हा माजघरात पाऊल ठेवण्यास जागा नव्हती. साठविलेल्या कापसात उन्हाळ्याच्या तोंडाशी बारीक किडे होतात आणि घरातल्या माणसांच्या अंगास खाज सुटते, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वहिनींचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी मला चहा दिला तो पदराने हात झाकून.

मे महिन्यात दादांनी कापूस दिला. भाव सात हजार शंभर. वाळून वजन भरले साडेतेहतीस क्विंटल. मी हिशेब केला. डिसेंबरात तीन लाख पंधरा हजार मिळाले असते. मिळाले दोन लाख सदतीस हजार आठशे पन्नास. माझ्या एका शब्दाची किंमत सत्त्याहत्तर हजार एकशे पन्नास रुपये, व्याज व वहिनींचे हात वेगळे. माझा पगार नियमित येतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न्यूयॉर्कला काहीही होवो. मी बँकेतून तेवढी रक्कम काढली, लिफाफ्यात घातली आणि गावी गेलो. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर तो लिफाफा दादांच्या पुढे ठेवला व म्हटले, "ही माझी चूक आहे, दादा. एवढे घ्या."

त्यांनी लिफाफ्याला हात लावला नाही. बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, "हे घेतलं, त मंग पुढच्या साली कोनाले इचारू?"

मला उत्तर सुचले नाही. मी लिफाफा परत आणला. आजतागायत ते पैसे वेगळे ठेवलेले आहेत. माझ्या पत्नीला त्याचे कारण ठाऊक आहे, आणि तीही त्यांना हात लावीत नाही.

त्याच जुलैत मी वर्गात 'मर्चंट ऑफ व्हेनिस' शिकवीत होतो. अँटोनिओची जहाजे निरनिराळ्या समुद्रांत आहेत. एक त्रिपोलीकडे, एक इंडीजकडे, एक मेक्सिकोला, एक इंग्लंडला. म्हणून तो निश्चिंत आहे. मागच्या बाकावरील दर्यापूरकडच्या एका मुलाने विचारले, "सर, जहाजे वेगळी, समुद्र वेगळे, मग सगळी एकदम कशी बुडाली?" या प्रश्नावर टीकाकारांची ठरीव उत्तरे आहेत, ती मी दिली. पण माझ्या मनात दादांचे रान होते. कापूस, सोयाबीन, तूर, तीन जहाजे. कापूस न्यूयॉर्कला बांधलेला, सोयाबीन शिकागोला आणि ब्राझीलच्या पिकाला, तूर आफ्रिकेतून आणि ब्रह्मदेशातून येणाऱ्या मालाला. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनची पेंड बाहेरून आणण्याची परवानगी निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सोयाबीनचा वायदाही बंद झाला, तेव्हा अकोल्याच्या बाजारात किती चेहरे उतरले होते ते मी पाहिले होते. समुद्र वेगवेगळे दिसतात. वादळ उठले म्हणजे मात्र तो एकच असल्याचे कळते. शेक्सपिअरने शेवटी तीन जहाजे सुखरूप बंदरात आणली. नाटककाराला ते करता येते.

तेव्हापासून मी सल्ला द्यावयाचा नाही असे ठरविले होते. दादांनी विचारणे मात्र सोडले नाही, आणि मी 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारून वेळ मारून नेऊ लागलो. हा भ्याडपणा होता. पण त्याला सावधपणा म्हणता येत असल्यामुळे तो बराच काळ टिकला.

मग २०२५ साल आले. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के जकात बसविली. तिरुपूरच्या कपड्यावर घाला पडला. त्याच महिन्यात सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरील अकरा टक्के कर उठविला, प्रथम सप्टेंबरपुरता आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरणीवाल्यांना दिलासा हवा होता, तो मिळाला. ज्या देशाने आमच्या कपड्याला दार लावले, त्याच देशाचा कापूस आमच्या दारातून विनाकर आत येऊ शकत होता. आणि हे घडत असताना दादांच्या रानात बोंडे फुटत होती. लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झालेला, पण तो मिळवावयाचा तर 'कपास किसान' नावाच्या मोबाइलवरील व्यवस्थेत नाव नोंदवावे लागे आणि कापसात बारा टक्क्यांहून अधिक ओल चालत नसे. पाऊस तर दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. दादांची नोंदणी मी केली. त्यात इंग्रजी फारसे नव्हते, तरी तासभर लागला. दादा शेजारी बसून माझा अंगठा कोठे पडतो ते पाहत होते.

नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे फोन आला. मंडळी, गुरे, पाऊस. मग ती स्तब्धता. मी तयारीत होतो. 'तुम्हाला काय वाटते?' हे वाक्य ओठांवर होते. पण दादा म्हणाले, "निम्मा इकला म्या. कोनालेच नाही इचारलं. ओल होती, भाव कमीच भेटला, पन घर खाली झालं. तुयी वहिनी म्हने, औंदा माजघरात ठिवाचा नाही."

"मग उरलेला?"

"टिनाखाली वाळू घातला. त्या निम्म्याचं तू सांग."

मी कागद ओढला. सेंट, डॉलर, सरकी, ढेप, जकातीची तारीख, ओलीचे टक्के, असे सारे एकाखाली एक मांडले. पलीकडून दादांच्या श्वासाचा आवाज येत होता. मागे कोठे तरी वहिनी कोणाला तरी वासरू सोडावयास सांगत होत्या.

"दादा," मी म्हटले, "उद्या सकाळी सांगतो."

"सांग," ते म्हणाले. "घाई नाही. वाळाले अजून चार दिवस लागतीनच."